गळ्यातली सवत

चिंचेच्या कोळात राख कालवली की जो काळा चिखल होतो, तो नखांत गेला की दोन दिवस निघत नाही. भाकरी थापताना तो पिठात उतरतो आहे असं वाटत राहतं. लग्नानंतरच्या त्या पहिल्या हिवाळ्यात मला स्वतःच्या हातची भाकरी खाववत नसे. आणि हे सगळं कशासाठी, तर अंगठ्याच्या नखाएवढा चांदीचा एक पत्रा पांढरा दिसावा म्हणून.

पत्रा म्हटलेलं माझ्या सासूला खपत नसे. तो टाक होता. त्यावर हात जोडून उभी राहिलेली एक बाई ठोकून काढलेली होती आणि ती बाई म्हणजे माझ्या नवऱ्याची पहिली बायको, राही. आमच्याकडे बिजवराला दिलेल्या मुलीच्या गळ्यात लग्नातच सवतीचा टाक बांधतात. आधी ती, मग मंगळसूत्र. रोज सकाळी आपल्या कपाळाला कुंकू लावायच्या आधी तिला लावायचं. नवं लुगडं नेसायच्या आधी त्याचा पदर तिला शिवायचा. सणाला गोड केलं की पहिला घास तिच्यापुढं धरायचा. असा मान दिला की मेलेली बाई नव्या बायकोच्या वाटेला जात नाही, असं म्हणतात. जिवंतपणी तिला कुणी कोणता मान दिला होता, हे मात्र कुणी सांगत नाही.

मी विजयमाला, पलूसची. मॅट्रिक झालेली. एक ठरलेलं लग्न मोडलं, चोविसावं लागलं, आणि मग पंच्याहत्तर साली वैशाखात वडिलांनी तासगावजवळच्या एका वाडीत मला आकारामला दिलं. सहा एकर पाण्याखालची जमीन, त्यात दोन एकर द्राक्षबाग, एकुलता एक मुलगा, पहिलीला मूलबाळ नाही. "नशीब काढलंस गं बाई," असं मावशी म्हणाली. तिला एकदा बोलावून ती वाटी तिच्या तोंडाला लावायला हवी होती. वाटीचं पुढं सांगते.

टाक खोल ठशाचा होता. राहीच्या डोळ्यांच्या खाचांत, जोडलेल्या हातांच्या बेचक्यात, लुगड्याच्या निऱ्यांत रोजचं कुंकू जाऊन बसायचं. कुंकवावर हळद, हळदीवर माझ्या केसांचं खोबरेल, त्यावर माझा घाम. त्याचा एक चिकट तपकिरी लेप व्हायचा आणि त्यात हमखास एखादा केस अडकलेला असायचा. तो मी परसदारी बसून केरसुणीच्या हिरानं कोरून काढायची. माझी सासू मनुबाई, मी त्यांना आत्याबाई म्हणायची, समोर जोत्यावर बसून देखरेख करायच्या. काम मनासारखं झालं नाही की टाक माझ्या हातातून घ्यायच्या, त्यावर थुंकायच्या आणि लुगड्याच्या सोग्यानं खसाखसा पुसायच्या. मिश्रीची थुंकी ती. मग तोच टाक परत माझ्या गळ्यात.

मला शिसारी यायची. पण नव्या नवरीला शिसारी येऊन चालत नाही, तिला भूक लागलेलीसुद्धा चालत नाही. मी गप्प बसायची. गप्प बसण्याबद्दल त्या घरात माझं फार कौतुक होत असे.

दिवाळीपर्यंत ठीक चाललं होतं. महिन्यातून एकदा टाक घासला की भागायचं. मग बागेची छाटणी झाली, पालवी फुटली, थंडी पडली आणि पानांवर भुरी, पिठासारखी पांढरी बुरशी, दिसायला लागली. भुरीवर गंधक मारायचं. ती पिवळी पावडर पातळ फडक्यात बांधायची आणि पुरचुंडी हलवत, वेलींवर झटकत ओळीनं जायचं. हे काम बायकांचं. मांडवाखाली मान वर करून हात हलवावा लागतो, त्यामुळं निम्मं गंधक पानावर आणि निम्मं आपल्या तोंडावर, गळ्यावर, चोळीत. डोळे चुरचुरतात, घसा खवखवतो, जिभेवर दिवसभर काडीपेटीची चव. त्यात मला तिसरा महिना लागलेला. घशाला गंधक जास्त कोरड पाडत होतं की घरातली माणसं, सांगता येणार नाही.

त्याच दिवसांत टाक काळा पडायला लागला. आधी पिवळट, मग निळसर, मग थेट तव्याच्या बुडाचा रंग. घासला की पांढरा, चौथ्या दिवशी पुन्हा काळा. पहिल्यांदा आत्याबाईंनी तो नुसता परत घासायला लावला. दुसऱ्यांदा त्यांनी टाक उजेडात धरला, मग माझ्याकडं पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं.

"राहीच्या मनाला येत न्हाईस तू," त्या म्हणाल्या. "तोंड काळं करून बसलीया बग. कायतरी वंगाळ दिसलं आसंल तिला तुझ्यात."

"चांदी हाय आत्याबाई, काळी पडायचीच," मी म्हणाले.

"आमच्यात न्हाई पडत."

त्यानंतर त्यांनी एक नवी पद्धत काढली. टाक घासून झाला की तो वाटीत तीनदा धुवायचा. पहिलं पाणी उकिरड्यावर, दुसरं तुळशीत नव्हे, निवडुंगाच्या बुडाशी, आणि तिसरं मी प्यायचं. "तिचा राग तुज्या पोटात गेला म्हंजी निवंल ती," असं त्यांचं म्हणणं. तिसरं पाणी म्हणजे काही नितळ नसे. त्यात राखेची कणी असायची, चिंचेचा आंबूसपणा असायचा आणि वर कुंकवाचा तेलकट तवंग तरंगायचा. पहिल्या वेळी मी घोट घेतला आणि तिथंच परसात ओकले. तर म्हणाल्या, "बग, टिकू दीना ती." आणि पुन्हा वाटी भरायला लावली.

आकाराम तेव्हा तिथंच होता. हातावर तंबाखू मळत उभा होता. माझा नवरा तसा वाईट माणूस नव्हता, असं सगळी वाडी सांगेल. त्यानं कधी माझ्यावर हात उगारला नाही, आवाज चढवला नाही. नीटनेटका, धुतल्या कपड्याचा, बागेतून आला की साबणानं पाय धुणारा. मी त्याच्याकडं पाहिलं. त्यानं तंबाखूतला चुना झटकला.

"पी की," तो म्हणाला. "दोन घोट तर हाईत."

पौष लागेपर्यंत मी असं सहा-सात वेळा प्यायले. त्या चवीबद्दल मी आणखी लिहीत नाही. अजून सकाळी चूळ भरताना कधीतरी ती आठवते आणि माझी सकाळ नासते.

टाक काही निवला नाही. तेव्हा आत्याबाईंनी गोष्ट भावकीत नेली. हंबीरराव म्हणून माझे चुलत सासरे होते, वाडीत त्यांचा शब्द चाले. त्यांच्या सोप्यात बसून ठरलं ते असं. टाक तासगावच्या सोनाराकडून उजळून आणायचा. आत्याबाईंनी स्वतःच्या हातानं तो तांबड्या दोऱ्यात सात गाठी मारून माझ्या गळ्यात बांधायचा. मी नऊ दिवस तो काढायचा नाही, घासायचा नाही. पौष पौर्णिमेला भावकीतल्या बायका येऊन बघतील. पांढरा राहिला तर राहीचं समाधान झालं. काळा पडला तर बाईतच खोट आहे.

"मग पलूसला पोचवायची," आत्याबाई म्हणाल्या. "पोटातल्यासकट. कायमची. ज्याचं आसंल त्यो बगंल."

पोटातलं मूल कुणाचं, इथपर्यंत त्या पत्र्याची मजल गेली होती. घरी माझी पाठची बहीण लग्नाची होती. बाप कुणाला काय सांगणार होता? चांदी काळी पडली म्हणून मुलगी परत आली? मी पुन्हा नवऱ्याकडं पाहिलं. तो हंबीररावांना छाटणीचं काहीतरी विचारत होता.

बाजाराच्या दिवशी मी धोंडुबाईला घेऊन तासगावला गेले. धोंडुबाई आमच्या बागेत मजुरीला यायची. पन्नाशीची, तोंडाळ, पण मनानं सरळ. सोनार म्हातारा होता. त्यानं टाक हातात घेतला, चष्म्यापुढं धरला आणि मग नाकाशी नेला. मला तर त्याचीच घाण वाटली. नऊ महिन्यांचा माझा घाम होता त्यावर.

"वैनी, बागेत गंधक मारता न्हवं का?" त्यानं विचारलं.

मी मान हलवली.

"मग काळी पडंल न्हाई तर काय हुईल? गंधक आन चांदीचं हाडवैर. द्राक्षं आल्यापास्नं माज्याकडं हेच काम आलंया. जोडवी, करदुडं, वाळं, समदं काळं ठिक्कर." त्यानं धोंडुबाईच्या पायाकडं बोट केलं. "ही बगा की."

मी खाली पाहिलं. धोंडुबाईची जोडवी काळी होती. मग मी माझ्या पायांकडं पाहिलं. चिखलाखाली माझीही. इतके दिवस मी त्या एका टाकालाच घासत बसले होते, पायांकडं पाहायला कुणाला सवड होती? मॅट्रिक झालेली मी, शाळेत मास्तरांनी हे कधीतरी फळ्यावर लिहिलंही असेल. मला माझीच लाज वाटली. सोनारानं टाक तेजाबाच्या पाण्यातून काढला, रिठ्याच्या फेसात ब्रशनं घासला आणि पाच मिनिटांत राही लख्ख होऊन माझ्या तळहातावर उभी राहिली. तिचा चेहरा मी तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिला. सोनार ठसा मारतात त्यात चेहरा काय असणार, दोन डोळे आणि एक नाक. तरी पाहिला.

परत चालत येताना धोंडुबाईनं माझ्या पायांकडं दोनदा पाहिलं.

"सांगू का नगं, आसं झालंया," ती शेवटी म्हणाली. "राहीचीबी जोडवी काळी पडायची. बाग नवी हुती तवा. म्हातारी म्हनायची, पाय कुटं कुटं जात्यात तुजं म्हून काळी पडत्यात. भांडायची राही. लय तोंड हुतं तिला. मग एक दिस तिचं भांडान बंद झालं."

"कशानं?"

"खोकल्यानं. बोलाय लागली की खोकायची. आटवा म्हैना, नववा म्हैना, तरी मांडवाखाली. मीच म्हनलं, आता बस घरी. तर म्हनली, घरी बसू दिलं तर बशीन. पोरगं पोटातच गेलं, आन तिसऱ्या दिशी तीबी." धोंडुबाईनं पदरानं नाक पुसलं. "आन जाळाय न्ह्यायच्या आदी जोडवी काडाय घेतली. बोटं सुजल्याली, निगंनात. म्हातारीनं साबन लावून वढली. चांदी कशापायी जाळायची, म्हनली. त्येचाच त्यो टाक तुज्या गळ्यात."

मी रस्त्याच्या कडेला बसले. ओकारी आली नाही, आली असती तर बरं झालं असतं. मी इतके दिवस ज्याचं पाणी पीत होते ते काय होतं, हे मला आता कळलं. मला राहीची घाण वाटत होती, तिच्या कुंकवाची, तिच्या तेलाची. घाण तिची नव्हतीच.

घरी आल्यावर मी आकारामला गाठलं. तो गोठ्यात बैलाला पेंड घालत होता. सोनारानं जे सांगितलं ते मी सगळं सांगितलं, माझी आणि धोंडुबाईची जोडवीही सांगितली. त्यानं ऐकून घेतलं. हात झटकले.

"सोनाराचं काय ऐकतीस? कायबी सांगंल त्यो."

"तुमी येऊन इचारा त्येला. तुमी सांगितलं तर आत्याबाई ऐकतील."

"बगू," तो म्हणाला. आणि जरा थांबून, "आईला ह्यातलं काय बोलू नगंस. उगं डोस्कं फिरंल तिचं."

आत्याबाईंनी सात गाठी मारल्या. प्रत्येक गाठीला त्या राहीचं नाव घेत होत्या, सूनबाई, माजी लक्ष्मी, माजं बाळ, असं काय काय म्हणत होत्या. डोळ्यांना पदर लावत होत्या. साबण लावून जोडवी ओढणारे ते हात माझ्या मानेला लागत होते.

त्या नऊ दिवसांत माझ्या बागेतल्या पाळ्या काही चुकल्या नाहीत. भुरी वाढली होती, बायका कमी पडत होत्या. मला टाक चोळीत खाली सारता आला असता, चिंधीत गुंडाळता आला असता, तेलाचा हात फिरवता आला असता. धोंडुबाईनं सुचवलंही. मी नाही म्हणाले. मी तो पदराबाहेर काढून, उघडा ठेवून मांडवाखाली फिरले. पडू दे काळा. पडायचाच तर नीट पडू दे. पाचव्या दिवशी त्याच्यावर निळी झाक आली आणि आठव्या दिवशी राहीचे डोळे-नाक दिसेनासे झाले. भीती वाटत नव्हती असं नाही. पोटावर हात ठेवून मी बसायची आणि पलूसच्या घराचा उंबरा डोळ्यांपुढं यायचा. पण तेल लावून पांढरा ठेवलेला टाक दाखवून त्या घरात राहायचं, म्हणजे पुढच्या हिवाळ्यात पुन्हा वाटी.

पौर्णिमेला दुपारी आमच्या सोप्यात घोंगडी अंथरली. हंबीरराव आणि दोघे जाणते पुरुष खांबाला टेकून बसले, समोर भावकीतल्या सात-आठ बायका. आकाराम दारात उभा. आत्याबाईंनी माझा पदर बाजूला केला आणि टाक दोन बोटांत धरून सगळ्यांना दाखवला. त्यांच्या चेहऱ्यावर दुःख असायला हवं होतं. तिथं आनंद होता, सरळ सरळ आनंद.

"बगा आता," त्या म्हणाल्या.

बायकांनी च्‌ च्‌ केलं. एकीनं कानाला हात लावला.

"मला बोलायचं हाय," मी म्हणाले. माझा आवाज चिरकला, तो मला आवडला नाही, म्हणून मी पुन्हा बोलले. "मामंजी, मला बोलायचं हाय. बाईत खोट हाय म्हून चांदी काळी पडत आसंल, तर हितं बसल्याल्या समद्याजनींनी पाय म्होरं करावं. आपापली जोडवी दावावी."

कुणी पाय पुढं केला नाही. पण सगळ्यांनी खाली पाहिलं. आणि मग एकेक करून लुगड्याच्या काठाखाली पाय आत गेले. कानाला हात लावणारीनं तर मांडीच बदलली. सगळ्यांच्या बागा होत्या, सगळ्या गंधक मारत होत्या. मी सोनाराचं बोलणं सांगितलं. सांगताना आत्याबाईंच्या पायांकडं पाहिलं नाही, त्यांच्या पायांत विधवा असल्यामुळं काही नव्हतंच. त्यांना या वाडीत काळं पडायची भीती नव्हती.

हंबीरराव मांडीवर थाप मारून मोठ्यानं हसले.

"आरं तिच्या! खरं हाय की! मागं बागायतदारांच्या बैठकीत सायबानं सांगितलंच हुतं, गंधक हाताळताना चांदी काढून ठिवा म्हून. माज्या ध्यानातनंच गेलं." ते दाराकडं वळले. "आकाराम, तू बी हुतास की रं माज्या बाजूला. आन तुजं कडं कसं न्हाई काळं पडलं?"

माझ्या नवऱ्याच्या उजव्या मनगटात चांदीचं कडं होतं. दारातल्या उन्हात ते चकाकत होतं.

"मी काढून ठिवतो की," आकाराम म्हणाला. "बागंत जायच्या आदी खुंटीला आडकवतो."

तो सहज बोलला. काही लपवायचं आहे असं त्याला वाटलंच नसावं. सगळे हसले. हंबीरराव म्हणाले, हुशार हाय गडी. बायका हसल्या, पाय हळूहळू बाहेर आले. कुणीतरी म्हणालं, च्या ठेवा आता. पोरगी निर्मळ आहे, राहू द्या, असं ठरलंसुद्धा. मी त्या कड्याकडं बघत होते. रोज सकाळी ते खुंटीला अडकवलेलं मी पाहिलं होतं. एकदा तर त्यानंच मला हाक मारून सांगितलं होतं, खाली पडलंय, उचलून ठेव. आणि मी ते पदरानं पुसून ठेवलं होतं.

चहा टाकायला मी आत गेले. आकाराम पाणी प्यायला मागोमाग आला.

"तुमाला ठावं हुतं," मी म्हणाले.

"व्हय."

"राही हुती तवाबी?"

"तवाच कळलं हुतं. काय झालं मग?"

"मग मला ती वाटी पाजली तवा? त्या दिशी मी सांगाय आले गोठ्यात, तवा?"

त्यानं तांब्या खाली ठेवला. मी काहीतरी अवघड विचारलं असं त्याला वाटत नव्हतं. लहान मुलाला समजवावं तसं तो बोलला.

"आगं, पानीच तर हुतं. तेवड्यानं म्हातारीचं समादान हुतंय, तर हू दे म्हनलं. आन तूबी भिऊन गप आसायचीस. घर कसं शांत हुतं. राहीच्या तोंडानं वीट आला हुता बग मला. तुजं तसं न्हाई."

चहाला आधण आलं होतं. बाहेरून आत्याबाईंची हाक आली. "विजे, च्या दे, आन त्यो टाक घासून आन बाई. सनासुदीचा काळा बरा दिसत न्हाई." त्यांच्या आवाजात काही झालं होतं याची खूणसुद्धा नव्हती.

मी चुलीतली लाकडं मागं ओढली. खुंटीवरची पिशवी घेतली, त्यात एक लुगडं कोंबलं आणि सोप्यातून सगळ्यांच्या मधून दाराकडं निघाले.

"कुटं गं?" हंबीरराव म्हणाले.

"पलूसला. तुमी पोचवनार हुता, मी माजी जाते."

"आगं पन सुटलीस की तू! खोट न्हाई निगाली!"

"खोट निगाली की मामंजी," मी म्हणाले. "माज्यात न्हाई निगाली एवडंच."

कुणी अडवलं नाही. अडवायचं कशाला, सांजपर्यंत येईल असंच सगळ्यांना वाटलं असणार. तासगाव स्टँडपर्यंत अडीच मैल मी चालत गेले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मांडव होते, गंधकानं पिवळे झालेले. पोटाला ओढ लागली होती, पण मी बसले नाही. बापाला काय सांगायचं ते चालता चालता ठरवत होते. सगळं सांगायचं ठरवलं, वाटीसकट. त्यानं परत पाठवलं तर कुठं जायचं हे काही सुचलं नाही.

गाडी लागलेलीच होती. मी खिडकीशी बसले आणि तेवढ्यात आकारामची सायकल स्टँडात शिरलेली दिसली. घामाघूम झाला होता, टोपी मागं सरकली होती. इतक्या घाईत मी त्याला कधी पाहिलं नव्हतं. मी खोटं सांगणार नाही, मी उठायला पिशवी हातात घेतली. एवढं सगळं होऊनही घेतली. वाटलं, आला. चुकलो म्हणायलासुद्धा नको, नुसतं 'चल' म्हणाला तरी मी काय करीन ते माझं मला माहीत नव्हतं.

त्यानं सायकल गाडीच्या कडेला टेकवली आणि खिडकीच्या गजांतून हात आत घातला. धापा टाकत होता.

"टाक दे," तो म्हणाला.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"आगं, तू जा म्हायेराला, ऱ्हा चार-सा म्हैनं, तुजं तू बग. टाक तेवडा दे. आईनं सांगितलंया." त्यानं दम घेतला. "पुडं लागंल त्यो."

पुढं लागेल. मी त्याच्या तोंडाकडं पाहिलं. खरंच, त्याला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. मी अजून गाडीत बसले होते, त्याचं मूल माझ्या पोटात होतं आणि त्याच्या डोळ्यांपुढं एक तिसरी बाई उभी होती, तिच्या गळ्यात हा टाक होता आणि समोर वाटी होती. तिला कुणी काही सांगणार नव्हतं. तो तर नाहीच.

मी टाक मुठीत धरला. त्याचं काळं माझ्या तळव्याला लागलं आणि मला त्याची घाण वाटली नाही.

"न्हाई मिळायचा," मी म्हणाले. "तिला तुमच्या घरात ठिवून जायची मला किळस येती."

"आगं, चांदी आमची हाय ती!"

"तिच्या पायातली हाय. साबन लावून काडल्याली."

कंडक्टरनं घंटी दिली. गाडी हलली तरी त्यानं हात मागं घेतला नाही. चार पावलं तो गाडीबरोबर तसाच चालला, मग सायकल पडल्याचा आवाज झाला आणि तो ती उचलायला मागं वळला.